पाणी वाचवणारे नळ आणि नफ्याचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत दान, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर आपण विद्वान वक्त्यांचे विचार ऐकले. माझ्या वाट्याला मात्र नळ, फ्लशची टाकी आणि पाण्याचे बिल आले आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु विश्वस्त मंडळापुढे सध्या असा प्रस्ताव आहे, की ट्रस्टच्या मालकीच्या भाड्याच्या इमारतीतील आणि यात्री-निवासातील सर्व नळ व फ्लशच्या टाक्या काढून त्या जागी पाणी वाचवणारी साधने बसवावीत. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी त्यात एक वाक्य घातले आहे : "यामुळे ट्रस्टच्या उत्पन्नात वाढ होईल." त्या एका वाक्यापुरतेच मी आज बोलणार आहे. कारण ट्रस्टचा पैसा हा समाजाचा पैसा आहे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्त त्याला बांधलेले आहेत, आणि सभागृहात बसलेले बहुसंख्य लोक व्यापारी आहेत. पडताळा न पाहता माल उचलणे आपल्या रक्तात नाही. मग तो माल पुण्यकर्माच्या नावाने आला म्हणून पडताळा चुकवायचा का?

पाणी जपून वापरणे हा आपल्या आचारातला भाग आहे. पाणी गाळून घेणे, गाळलेल्या फडक्यावरचे जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडणे, हे आपल्या आज्यांनी कोणत्याही कायद्याविना केले. त्यामुळे पाणी वाचवावे की नाही, असा प्रश्न या सभेत विचारण्याचे कारण नाही. प्रश्न नफ्याचा आहे. पुण्य आणि नफा ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात दाखवली की दोन्ही खाती बिघडतात.

प्रथम घरात पाणी जाते कोठे ते पाहू. भारतीय मानक संस्थेच्या जुन्या आणि आजही वापरात असलेल्या मानकानुसार शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. त्यातील ५५ लिटर अंघोळीला, ३० लिटर संडासच्या फ्लशला, २० लिटर कपडे धुण्याला, भांड्यांना १०, घर पुसण्या-धुण्याला १०, आणि स्वयंपाक व पिण्याला मिळून १०. म्हणजे पिण्याचे आणि रांधण्याचे पाणी हा एकूण वापराचा तेरावा-चौदावा हिस्सा. उरलेले सारे पाणी धुण्यात आणि वाहून नेण्यात जाते. ज्या घरात जुनी दहा लिटरची फ्लश टाकी आहे आणि माणूस दिवसातून चार वेळा ती ओढतो, तेथे फ्लशचा आकडा ३० वरून ४० वर जातो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण साधने विकणारा ती सांगत नाही. घरातील पाण्याचे वापर दोन जातींचे असतात. एका जातीत आपण ठरावीक माप भरून घेतो : बादली, घागर, कुकर, कपडे धुण्याचे यंत्र. दुसऱ्या जातीत नळ वाहत असतो आणि आपण त्याखाली काम करत असतो : हात धुणे, दात घासणे, वाहत्या नळाखाली भांडी घासणे, शॉवरखाली उभे राहणे. नळाच्या तोंडाला बसवायची जी जाळीदार चकती असते, जिला बाजारात एरेटर म्हणतात, ती पाण्यात हवा मिसळून धार कमी करते. साधा नळ मिनिटाला दहा ते पंधरा लिटर सोडत असेल, तर ती चकती ते प्रमाण तीन ते सहा लिटरवर आणते. वाहत्या वापरात ही खरी बचत आहे. पण वीस लिटरची बादली भरायची असेल तर चकती असो वा नसो, बादलीत वीसच लिटर मावणार. फक्त भरायला दुप्पट-तिप्पट वेळ लागेल. कोल्हापुरातल्या बहुसंख्य घरांत आजही अंघोळ बादली-तांब्याने होते, धुणे बादलीत भिजते. त्यामुळे परदेशी पुस्तिकांतील बचतीचे टक्के जसेच्या तसे आपल्या न्हाणीघराला लावता येत नाहीत.

शॉवरचे उदाहरण घ्या. साधा शॉवर मिनिटाला पंधरा लिटर सोडतो असे धरले, तर आठ मिनिटांच्या अंघोळीला १२० लिटर लागतात. आठ लिटरचा कमी धारेचा शॉवर बसवला तर ६४ लिटर. बचत ५६ लिटर, जाहिरातीत छापायला उत्तम आकडा. पण बादलीने अंघोळ करणारा माणूस वीस-पंचवीस लिटरमध्ये मोकळा होतो. तो शॉवरकडे वळला, मग तो शॉवर कितीही काटकसरी असो, तर पाणी वाढलेच.

याच उदाहरणात एक गंमत दडली आहे. त्या ५६ लिटर पाण्याची किंमत, हजार लिटरला १५ रुपये असा दर धरला तर, ८४ पैसे होते. परंतु तेवढे पाणी पंधरा अंशांनी तापवायला सुमारे एक युनिट वीज लागते, म्हणजे आठ-दहा रुपये. पाण्याच्या नावाने जी बचत सांगितली जाते तिचा मोठा भाग खरे तर विजेचा असतो. आणि छपरावर सौर बंब असेल, जो आपल्या शहरात पुष्कळ इमारतींवर आहे, तर तोही भाग उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसा होतो.

आता मुख्य हिशेब. चोवीस सदनिकांची पाच मजली इमारत घेऊ. प्रत्येक घरात चार माणसे, दोन संडास. म्हणजे ९६ माणसे आणि ४८ फ्लश टाक्या. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. आपापल्या बिलावरचे आकडे घालून कोणीही हा हिशेब पुन्हा मांडावा. जुन्या टाकीत माणशी ४० लिटर जातात असे आपण पाहिले. दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची टाकी बसवली, तर चार वेळांपैकी एकदा मोठे आणि तीनदा छोटे बटण, म्हणजे १५ लिटर. बचत माणशी २५, घरटी १००, इमारतीची दररोज २,४०० लिटर. वर्षाला ८७६ हजार लिटर. आकडा ऐकून छाती भरून येते.

हजार लिटरला १५ रुपये दराने याचे होतात १३,१४० रुपये. पाणी खालच्या टाकीतून गच्चीवर चढवण्याची वीज यात मिळवू. पंचवीस मीटर उंची आणि मोटरीची साधारण कार्यक्षमता धरली, तर वर्षाला दीडशेच्या आसपास युनिटे वाचतात, म्हणजे दहा रुपये दराने आणखी दीड हजार रुपये. एकूण सुमारे १४,६००. आता खर्च : टाकी, बसवण्याची मजुरी, फरशीची डागडुजी मिळून एका टाकीमागे ३,००० रुपये धरले, तर ४८ टाक्यांचे १,४४,००० रुपये. भांडवल सुटायला जवळजवळ दहा वर्षे. दहा वर्षांत टाकीची रबरे, वाल्व्ह, बटणे किती वेळा बदलावी लागतात हे ज्यांच्या घरी ती आहे त्यांना विचारा. तीच रक्कम बँकेत सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली असती तर दरसाल १०,०८० रुपये व्याज आले असते आणि मुद्दल जागच्या जागी राहिले असते. तेव्हा महापालिकेचे पाणी वेळेवर आणि स्वस्त मिळते अशा इमारतीत, चालू स्थितीतल्या टाक्या मोडून नव्या बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

याच इमारतीला टँकरवर जगावे लागत असेल तर चित्र एकदम पालटते. पाच हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना धरला तर हजार लिटरला दोनशे रुपये पडतात. ८७६ हजार लिटरचे १,७५,२०० रुपये होतात आणि गुंतवणूक दहा महिन्यांत वसूल होते. पुण्याच्या काठावरील ज्या वसाहती वर्षाचे बरेच महिने टँकरवर काढतात, तेथील लोकांनी ही साधने मुकाट्याने बसवली याचे कारण हेच. समजा टँकर फक्त उन्हाळ्याचे साठ दिवस लागतो. मग त्या साठ दिवसांचे २८,८००, उरलेल्या दिवसांचे महापालिका दराने १०,९८० आणि वीज मिळून ४१ हजारांच्या आसपास. साडेतीन वर्षांत पैसे परत. म्हणजे टाकी तीच, बचत तितकीच. नफा ठरतो तो वाचलेले पाणी कोठून येणार होते यावरून.

येथे कोणी म्हणेल, आपल्या कोल्हापुरात कोठला टँकर? पंचगंगा दाराशी, रंकाळा-कळंबा शेजारी, शाहू महाराजांचे राधानगरी धरण वर, आणि नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडीचे पाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या थेट जलवाहिनीने पुईखडीला पोहोचले. 'पाण्याचा खजिना' नावाची जागाच ज्या शहरात आहे, त्याला तुटवडा कसला? हा प्रश्न मी हलका मानत नाही, आणि वरच्या हिशेबातील मुदत ठेवीचा मुद्दा त्याच्याच बाजूने जातो. पण दोन गोष्टी विसरू नयेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणीच पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले, टँकरपुढे रांगा लागल्या. त्या दिवसांत इमारतीचा साठा किती पुरतो याला मोल होते. चाळीस हजार लिटरचा साठा असेल तर आपल्या उदाहरणातल्या इमारतीला जुन्या टाक्यांनिशी तो जेमतेम तीन दिवस पुरेल, नव्या टाक्यांनिशी साडेतीन. अर्धा दिवस. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना अर्ध्या दिवसाची किंमत मी सांगायला नको. दुसरी गोष्ट, वाढत्या उपनगरांत जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या इमारती आणि मध्यवस्तीतील इमारती यांचे हिशेब एक नसतात. शेजारी बसलेल्या दोन सभासदांची उत्तरे वेगळी येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

आणि पाणी मुबलक असलेला प्रदेश म्हणजे काय, हे आपल्या शेजारच्या मिरजेने एप्रिल २०१६ मध्ये अनुभवले. तेथून पाण्याची आगगाडी भरून लातूरला गेली. देणारे आपण होतो, म्हणून घेणाऱ्याच्या हिशेबाकडे पाहायचे नाही असे नाही.

आता नफा कोणाचा, या अवघड प्रश्नाकडे येतो. खरे सांगायचे तर सारी गुंतागुंत येथे आहे.

आपल्या उदाहरणातल्या एका कुटुंबाने मनावर घेऊन दररोज शंभर लिटर वाचवले. इमारतीला नळजोड एक, मीटर एक. बिल वाटले जाते ते कसे? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांवर सांगितली आहे. आपल्या शहरात अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तेथे सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. प्रत्यक्ष वापर दोन्हींकडे मोजला जात नाही. त्यामुळे शंभर लिटर वाचवणाऱ्याला त्याच्या बचतीचा सुमारे चोविसावा हिस्सा मिळतो आणि उरलेला, शेजारी अंगण धुणाऱ्यासह, सर्वांत वाटला जातो. सहभाव म्हणून हे सुंदर आहे, पण प्रोत्साहन म्हणून कुचकामी.

अमेरिकेत २००४ साली बहुसदनिका इमारतींचा एक मोठा राष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या इमारतींत प्रत्येक घराला स्वतंत्र उपमीटर बसवून वापराप्रमाणे बिल दिले, तेथे पाण्याचा वापर सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आढळला. ज्या इमारतींत बिल माणसांच्या संख्येवर किंवा क्षेत्रफळावर वाटून दिले, तेथे लक्षणीय बचत आढळली नाही. सूत्राने वाटलेले बिल आणि भाड्यात मिसळलेले बिल यांत वापराच्या दृष्टीने फरक नाही, असा त्याचा अर्थ.

मग घरोघर मीटर का बसवत नाही? कारण आपल्या इमारतींची नळजोडणी. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला एक उभा पाइप, न्हाणीघरांना दुसरा, संडासला तिसरा असे अनेक पाइप खाली उतरतात आणि प्रत्येक मजल्यावर त्यांतून फाटे निघतात. एका सदनिकेत पाणी तीन-चार ठिकाणांहून शिरते, म्हणजे एका घराला तीन-चार मीटर. जुन्या इमारतीत हा खर्च टाक्या बदलण्यापेक्षा जड जातो. नवी इमारत बांधताना प्रत्येक सदनिकेला एकच प्रवेशपाइप देणे अगदी थोड्या जादा खर्चात होते. सभागृहातील बांधकाम व्यावसायिक बंधूंनी एवढी एक गोष्ट नकाशाच्या वेळी केली, तर पुढची तीस वर्षे तेथील रहिवासी त्यांना दुवा देतील.

बांधकाम व्यावसायिकांचा विषय निघालाच आहे तर त्यांचा हिशेबही पाहू. त्यांना पाण्याचे बिल भरायचे नसते. ते इमारत विकून मोकळे होतात. सदनिका घेणारा "पाणी चोवीस तास आहे का" असे विचारतो, "फ्लशला किती लिटर लागतात" असे विचारणारा मी तरी पाहिला नाही. मग त्यांचा नफा कोठे? महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद आहे. त्या मानांकनात पाणी वाचवणाऱ्या साधनांचे गुण असतात, मात्र ऊर्जा, कचरा, पावसाचे पाणी अशा अनेक बाबींबरोबर. शिवाय नव्या इमारतीत कोणती तरी टाकी घ्यावीच लागते. साधी आणि दोन बटणांची यांतला फरक पाचशे रुपये धरला, तर ४८ टाक्यांचा जादा खर्च २४,००० रुपयेच. रहिवाशांना तो दोन वर्षांच्या आत परत मिळतो, महापालिकेच्या स्वस्त पाण्यावरसुद्धा. मोडकी टाकी बदलायची वेळ आली असेल तेव्हाही हाच न्याय लागू. चालते साधन मोडून नवे घेणे आणि गरजेच्या वेळी चांगले घेणे, हे दोन पूर्णतः निराळे व्यवहार आहेत. आपल्यापुढच्या प्रस्तावात त्यांची सरमिसळ झालेली आहे.

भाड्याच्या इमारतीत पेच आणखी वाढतो. खर्च मालकाने करायचा, आणि पाण्याचे बिल भाडेकरू भरत असेल तर बचत भाडेकरूची. नळ बदलले म्हणून भाडे वाढवून मिळेल ही आशा ठेवू नये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली जुन्या भाडेकरूंकडून दरसाल ४ टक्के वाढ मिळते ती मिळतेच, नळ बदला वा न बदला. उलट बिल मालक भरत असेल तर बचत मालकाची, पण मग भाडेकरूला काटकसरीचे कारण उरत नाही. आपल्या ट्रस्टच्या इमारतीत पाण्याचे बिल ट्रस्ट भरतो, तेव्हा निदान हा एक अडथळा नाही.

न्यूयॉर्कचे उदाहरण अशा वेळी नेहमी दिले जाते आणि ते खरेही आहे. १९९४ ते १९९७ या काळात त्या शहराने सुमारे १३ लाख जुने संडास बदलून घेतले, त्यांतले पुष्कळ मोठ्या इमारतींतले. पाहणी केलेल्या इमारतींत पाण्याचा वापर सुमारे २९ टक्क्यांनी घटला. पण त्यातली मेख अशी, की पैसे शहराने दिले. नवे जलस्रोत आणि सांडपाण्याची केंद्रे बांधण्याचा अवाढव्य खर्च टळणार होता, म्हणून घरमालकांना अनुदान देणे शहराला परवडले. नफा शहराचा होता, आणि शहराने त्यातला वाटा मालकाला दिला. आपल्याकडे चारशे कोटींहून अधिक खर्चाची थेट जलवाहिनी झाली. जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न आपण वर्षानुवर्षे ऐकतो. घराघरांत वाचणाऱ्या पाण्याचा नफा त्या मोठ्या हिशेबात नक्की आहे; फक्त तो तुमच्या-माझ्या बिलावर उमटत नाही. बेंगळुरूने मार्च २०२४ च्या टंचाईत अनुदानाऐवजी हुकूम काढला, व्यापारी आस्थापना आणि अपार्टमेंटना एरेटर सक्तीचे केले. दोन्ही मार्गांवरून एवढेच दिसते, की केवळ घरमालकाच्या नफ्यावर हे काम सोडून चालत नाही.

आता थोडे व्यवहारातले. कमी पाण्याच्या साधनांची काही दुखणी आहेत, ती आधी माहीत असलेली बरी. एरेटरला नीट काम करायला पाण्याचा दाब लागतो. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे साधारण एक किलोचा दाब. पाच मजली इमारतीत तळमजल्याला तो मिळतो, पण गच्चीच्या टाकीखालीच असलेल्या वरच्या मजल्याला दोन-तीन मीटरचाच दाब असतो. तेथे चकती बसवली की धार रडू लागते, आणि आठवड्याभरात रहिवासी ती काढून खिडकीत ठेवतो. म्हणून खालच्या मजल्यांना चकत्या, वरच्यांना नको, असे ठरवण्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्याने जाळी तुंबते, ती महिन्याला उघडून धुवावी लागते. आपल्या घरांत नळाला फडके बांधून पाणी गाळण्याची पद्धत आहे, त्या नळावर ही चकती सोयीची नाही. आणि तिची धातूची जाळी म्हणजे गाळण नव्हे, हेही स्पष्ट करतो. फ्लशबाबत : जुने भांडे दहा लिटरच्या लोंढ्यासाठी घडवलेले असते. त्यावर सहा लिटरची टाकी बसवली तर एकदा ओढून भागत नाही, दोनदा ओढावी लागते, आणि बचत गेली. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने सहा लिटरची सक्ती झाली तेव्हा पहिल्या पिढीच्या संडासांनी असाच वैताग दिला होता. भांडे आणि टाकी जोडीने जुळली पाहिजेत. आणि जेथे भारतीय बैठकीचा संडास आहे व बादलीनेच पाणी ओतले जाते, तेथे टाकी बदलून वाचणार तरी काय?

सर्वांत मोठा नफा मात्र ज्या जागी आहे तिची जाहिरात कोणी करत नाही. फ्लशच्या टाकीचे रबर झिजले की भांड्यात केसासारखी धार सतत उतरत राहते. आवाज नाही, ओल नाही, कोणाच्या लक्षात येत नाही. मिनिटाला शंभर मिलिलिटर एवढीच ती धरा. दिवसाला १४४ लिटर होतात. म्हणजे नव्या टाकीने एका कुटुंबाचे जे शंभर लिटर वाचणार होते, ते एका झिजलेल्या रबराने गिळून वर आणखी खाल्ले. टाकीच्या पाण्यात थोडे कुंकू किंवा खाण्याचा रंग टाकावा, अर्धा तास फ्लश ओढू नये, आणि भांड्यात रंग उतरतो का पाहावे. रबराला किती रुपये लागतात ते आपण जाणता. तसेच गच्चीवरची टाकी. मोटर मिनिटाला शंभर लिटर चढवत असेल आणि वॉचमनला बंद करायला अर्धा तास उशीर झाला, तर तीन हजार लिटर गच्चीवरून वाहून जातात, ४८ नव्या टाक्यांच्या दिवसभराच्या बचतीपेक्षा जास्त. मोटर आपोआप बंद करणारे यंत्र त्या १,४४,००० च्या तुलनेत किरकोळ आहे.

तेव्हा प्रस्तावाविषयी माझे मत असे. यात्री-निवासाचा भाग मान्य करावा. तेथे बिल ट्रस्टचे, वर्दळ मोठी, चातुर्मासात आणि उत्सवांत टँकर मागवावाच लागतो, आणि हात धुण्याचे नळ उघडे राहण्याचे प्रमाण घरापेक्षा कितीतरी अधिक. तेथे दाबून सोडल्यावर आपोआप बंद होणारे नळ आणि दोन बटणांच्या टाक्या लवकर पैसे परत करतील. भाड्याच्या इमारतीतील चालू टाक्या मोडू नयेत. जी बिघडेल तिच्या जागी, भांडे पाहून, नवी बसवावी. आणि "उत्पन्नात वाढ होईल" हे वाक्य ठरावातून काढावे. त्याऐवजी "पाण्याच्या खर्चात घट अपेक्षित" असे लिहावे, कारण खर्चातील घट लेखापरीक्षकाला दाखवता येते.

हे दाखवण्यासाठी आधीचे आकडे लागतील. सध्या इमारतीचे मीटर चालू आहे की बिल सरासरीने येते, याची चौकशी कार्यालयाने या आठवड्यात करावी. सरासरीने येत असेल तर कितीही पाणी वाचवले तरी बिल एक रुपयाने उतरणार नाही. मीटर चालू असेल तर दर रविवारी सकाळी त्याचे वाचन एका वहीत लिहावे. रात्री अकराला आणि पहाटे चारला, खालच्या व वरच्या टाकीचे वाल्व्ह बंद न करता, वरच्या टाकीची पातळी पट्टीने मोजावी. त्या पाच तासांत पातळी जेवढी उतरेल त्यातला बराचसा भाग गळतीचा असतो. ही वही तीन महिने भरली, की पुढच्या विश्वस्त सभेत खर्चाच्या मंजुरीचा विषय घेता येईल. तोवर कुंकवाची पुडी प्लंबरकडे देऊन ठेवावी, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.